परतीसाठी राखलेलं

"डोळे मिटू नका आजी. आता गंमत बघा," निमेश डॉक्टर म्हणाले.

सासूबाईंनी डोळे मिटलेच नव्हते. घशातून नळी नुकतीच बाहेर काढलेली, घसा बधिर, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. तरी ती बाई खाटेवर ताठ बसून डॉक्टरांच्या हातातल्या इवल्याशा पट्टीकडे टक लावून बघत होती. पट्टीच्या खळग्यात पिवळा थेंब होता आणि त्या थेंबात सासूबाईंच्या जठराचा एक कण, मोहरीच्या दाण्याहूनही लहान. मला बाहेरच्या बाकड्यावरून आत बोलावलं होतं ते "पेशंटला धरा" म्हणून. पण माझ्या सासूबाईंना, येसूबाईंना, धरणारा माणूस अजून जन्मायचाय. तेव्हा मीही बघत उभी राहिले.

आधी थेंबाच्या कडेला गुलाबी रंग फुटला. मग तो आत सरकला, आणि बघता बघता सगळा थेंब गुलाबी झाला. मी तारापूरच्या कंपनीत पॅकिंगला आहे, दिवसभर रंगीत गोळ्या बघते, पण असा आपणहून रंग बदलणारा थेंब मी जन्मात पाहिला नव्हता.

"आगो बया!" सासूबाई बधिर जिभेने म्हणाल्या. "ह्ये काय?"

"जंतू. तुमच्या पोटात राहतो."

"जिता हाय?"

"जिवंत आहे म्हणून तर रंग बदलला." डॉक्टरांनी पट्टी उजेडात धरली. रोज हेच करत असतील, पण त्यांनाही ते बघायला आवडत होतं, हे मला कळलं. "जठरातलं आम्ल इतकं जहाल असतं की गिळलेलं हाडूक विरघळतं. बाकीचे जंतू त्यात मरतात. हा मरत नाही. चुन्याची निवळी करावी तसं काहीतरी आपल्याभोवती करतो आणि मधे सुखात राहतो. त्यानेच हा थेंब गुलाबी झाला."

"कदी आला त्यो?"

"लहानपणी. आला की आपणहून जात नाही. बाहेर बाकड्यावर एवढी माणसं बसलीत ना, त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांच्या पोटात असेल. पुष्कळांना मरेपर्यंत पत्ता लागत नाही. तुम्हाला मात्र त्याने जखम केलीय. तिच्यातून रक्त जातं, म्हणून तुम्ही बाजारात पडलात. हा राहिला तर जखम पुन्हा फुटेल, आणि पुढच्या वेळी बाजारातून इथवर पोचायला वेळ मिळेलच असं नाही."

बोईसरच्या मासळीबाजारात सासूबाई पाटीसमोर बसल्या बसल्या कलंडल्या होत्या, तेव्हापासूनची ही धावपळ. रक्त तपासलं तर निम्मंसुद्धा नव्हतं.

"घरात लहान मूल आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"नात हाय. माजी उकू." बधिर तोंडानेही नाव घेताना त्या हसल्या.

"तिला उष्टं भरवू नका. तुमच्याकडे मासा चावून भरवतात, ते तर अजिबात नको. बहुतेक तसाच जातो हा. मोठ्याच्या तोंडातून लेकराच्या तोंडात."

मी सासूबाईंकडे बघितलंच नाही. माझी हिंमत झाली नाही.

आमच्या दांडी गावात कुठल्याही पोराचा पहिला मासा म्हणजे येसूबाईंच्या मांडीवर. दुसऱ्या आळीतूनसुद्धा बायका पोरं घेऊन यायच्या. त्या मासा तोंडात घालायच्या, डोळे मिटायच्या, जबडा हळूहळू हलायचा, आणि ओठांच्या कोपऱ्यातून एकेक काटा बाहेर यायचा, केसासारखा बारीक. मग मऊ भाताबरोबर तो घास बोटाने पोराच्या तोंडात. 'येसूकाकीच्या जिभेला काटा चुकत नाय' असं गावात म्हणायचे. माझं माहेर सरावलीचं, बाप कंपनीत, आमच्याकडे मासा रविवारी. लग्न करून आले तेव्हा हे बघून मला किळस आली होती, खोटं कशाला बोलू? पुढे माझी उत्कर्षा झाली, आणि तिचा पहिला मासाही आजीच्याच तोंडातला असणार हे घरात सगळ्यांनी धरूनच चाललं. श्रावणात नारळी पुनवेनंतर बोटी निघाल्या की पहिली मुडदुशी, तो मऊ पांढरा मासा, उकूची, असं ठरलं होतं.

सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "डॉक्टर, मंग माज्या तोंडात त्यो कुनी घातला?"

"तुमच्या आईने असेल. तिच्या तोंडात तिच्या आईने. अभ्यास करणारे सांगतात, माणूस हजारो वर्षांपूर्वी मुलखामुलखांत पांगला ना, तेव्हासुद्धा हा त्याच्या पोटात होता. देवळं नव्हती, गावं नव्हती, बोटी नव्हत्या. तेव्हापासून आईकडून लेकराकडे चाललाय."

"म्हंजी ह्यो माज्या आयचा हाय."

"तसं म्हणायला हरकत नाही," डॉक्टर हसले आणि गोळ्या लिहायला लागले.

त्यांना काय ठाऊक, आपण काय बोलून गेलो ते!

परत येताना वाटेत माणसं भरत जाणाऱ्या वडाप रिक्षात आम्ही खेटून बसलो होतो. सालवडच्या बाजूला जाणारी शिफ्टची पोरं, एक शेठजी, कडेवर मूल घेतलेली एक वारली बाई. सासूबाई एकेकाच्या पोटाकडे बघत होत्या. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, असं बघू नका लोकांकडे."

"ह्याच्या बी पोटात आसंल?"

"असेल."

"त्या शेटच्या?"

"शेटच्या पण. हळू बोला!"

त्या रिक्षाबाहेर बघायला लागल्या. कंपनीच्या गेटातून माणसांचा लोंढा बाहेर पडत होता, बिहारचे, ओरिसाचे, कुठकुठचे. सासूबाईंनी हात जोडले, आणि देवळासमोर रिक्षा जाताना जोडतात तसेच जोडले.

"बग गो भाग्यश्री," त्या म्हणाल्या, "सगळी आपापल्या आयला घेऊन हिंडतात. कुनाला म्हाईत बी नाय."

 

त्यांची आई त्या अगदी लहान असताना गेली. पोट दुखून दुखून गेली. बापाने दुसरी केली आणि पहिलीचं म्हणून घरात काही राहिलं नाही. लुगडं सावत्र आईने नेसून फाडलं. फोटो काढायची तेव्हा ऐपत नव्हती. तोंडवळासुद्धा सासूबाईंना आठवत नव्हता. आठवायचा फक्त घास. करलीचा. करली म्हणजे मासा कमी आणि काटे जास्त, भलेभले हात लावत नाहीत. ती करली चावून, निवडून, कोमट भाताबरोबर तोंडात आलेली. हे त्यांनी मला कितीदा सांगितलं असेल, आणि मी कितीदा भांडी घासता घासता "हं, हं" केलं असेल.

गोळ्या सुरू झाल्या. दोन आठवड्यांच्या. मी कामावरून आले की विचारायची, "घेतल्या?" त्या म्हणायच्या, "घेतल्या." पोटातली आग थांबली, भूक लागायला लागली, माझा नवरा मिथुन म्हणाला, "आय परत शिव्या द्यायला लागली, म्हंजी बरी झाली."

मग एक दिवस शेजारची कमळी दारात आली. "येसूकाकीच्या गोळीनं काय गो पोट हलकं झालं माजं! आनखी एक हाय काय?"

माझ्या हातातलं पातेलं तिथेच राहिलं.

ही आमच्या सासूबाईंची खोड, आणि खोड तरी कशी म्हणू? बोटीवरच्या घरात हा धर्मच आहे. सासरे सांगायचे, समुद्रात जाताना पाणी असो, तांदूळ असो, डिझेल असो, सगळं संपवायचं नाही, परतीचं राखायचं. जो राखत नाही तो परत येत नाही. सासूबाईंनी हे असं अंगात मुरवलंय की घरात तेलाची बाटली कधी कोरडी होत नाही आणि टूथपेस्टच्या नळ्या तीन-तीन अर्ध्या पडलेल्या असतात. तसंच गोळ्यांचं. कुणालाही, कधीही, कसल्याही गोळ्या आणा, पोट थांबलं की गोळी थांबली, आणि उरलेल्या परतीसाठी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. बोट निघताना त्यातल्या थोड्या बोटीवर. आळीत कुणाला जुलाब झाले की येसूकाकीचा डबा उघडायचा. एक पिवळी सकाळी, एक संध्याकाळी, आणि माणूस परत कामाला. त्यांना लोक दुवा द्यायचे, मग त्या कशाला थांबतात?

आग थांबल्यावर त्यांनी या गोळ्याही राखल्या होत्या.

महिन्याने पुन्हा तपासणी. यावेळी नळी नको, शौचाची डबी द्या म्हणाले. ती डबी पिशवीत घालून वडाप रिक्षात बसायचं म्हणजे काय, ते माझं मला माहीत. रिपोर्ट आला. जंतू होताच, जसाच्या तसा.

मी पत्र्याचा डबा उचलून थेट डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. सासूबाई बाजूला बसल्या होत्या. डॉक्टरांनी झाकण उघडलं, आतल्या अर्धवट पट्ट्या बोटांनी चाळल्या. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

"आजी, ही त्याची शाळा," ते म्हणाले. "दोन गोळ्या खाल्ल्या की त्याच्यातले कच्चे मरतात. पक्के उरतात. मग पक्क्यांची पोरंही पक्कीच होतात. तुम्ही वर्षानुवर्षं त्याला थोडं थोडं चाखवलंत. आता ही पिवळी गोळी तो हसत खातो."

"मी येकटीच वो अशी?"

"एकट्या कशाला? सगळीकडे हेच. आम्ही डॉक्टरसुद्धा कमी नाही, मागेल त्याला लिहून देतो. कधीकाळी हमखास लागू पडायची ती औषधं आज किती जणांना पडतच नाहीत." त्यांनी नवा कागद ओढला. "आता वेगळ्या गोळ्या देतो. चार प्रकारच्या, कडक आहेत. तोंड कडू होईल, जीभ काळी पडेल, शौचाला काळं होईल. ते औषधाचं असतं, घाबरायचं नाही. पण चक्कर आली तर लगेच यायचं. आणि एकही राखायची नाही. हे चुकलं तर माझ्याकडेही परतीचं फार काही उरत नाही."

परतीचं म्हटल्यावर सासूबाईंनी मान वर केली. डब्याची गोष्ट मीच सांगितली होती त्यांना.

डबा डॉक्टरांकडेच रिकामा झाला. पहिला आठवडा मी स्वतः समोर उभी राहून गोळ्या गिळायला लावल्या. मग माझी शिफ्ट बदलली. आणि त्यात एका सुट्टीच्या दिवशी बघते तर पट्टीत कालच्याही गोळ्या, आजच्याही.

सासूबाई मागच्या पडवीत जाळ्यांच्या ढिगाला टेकून बसल्या होत्या. उकू त्यांच्या पायाशी रांगत होती.

"आई, हे काय आहे?" माझा पारा चढलाच. "परत राखायला लागलात? जीव द्यायचाय का तुम्हाला?"

"काळं झालं गो."

"ते औषधाचं! सांगितलं होतं ना डॉक्टरांनी?"

"ठाव हाय. बहिरी नाय मी." त्या शांतपणे म्हणाल्या. "माजी आय बी अशीच गेली. काळं काळं वकली आन गेली. काल ते बगितलं आन मला ती आठवली. इतक्या वर्सांत पयल्यांदा तिचं तोंड आठवलं, थोडं. गोरी होती गो ती."

मी खाली बसले.

"काकी बोलायची, ल्हान पोर मागं ठेवून गेली, तिचा जीव पोरीत अडकलाय. मी हसायची. जीव काय अडकतो व्हय? आन त्या डॉक्टरानं मला दावला ना. गुलाबी. इतकी वर्सं माज्यात हाय, जिती हाय, आन मला म्हाईत नाय. जगात माज्या आयचं येवडंच उरलंय. ते मी माज्या हातानं मारू?"

"अहो पण ती तुम्हाला मारतेय!"

"आय हाय ती. मारनारच."

हसावं की रडावं मला कळेना. रडलेच मी, सरळ. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, राहू दे. कोण मी या बाईला सांगणारी? आईचा घास आणि त्या घासातून आलेलं, आम्लात न मेलेलं, गोळ्यांनी न मेलेलं, एवढ्या वर्षांनी काळोखात जिवंत राहिलेलं काहीतरी. पुढे हात जोडावे असंच होतं ते.

तेवढ्यात उकू आजीच्या मांडीवर चढली. तिने आपली बोटं सासूबाईंच्या ओठांत घातली, दात चाचपले, आणि स्वतःचा जबडा उघडला. भूक लागली की ती हेच करते. सासूबाईंनी हलकेच तिचा हात बाजूला केला आणि मान फिरवली. ती मान फिरवणं मला बघवेना.

"आई," मी म्हटलं, "तुमच्या आईने करली भरवली तेव्हा काय करायच्या त्या?"

"काय करनार? काटं काडायची."

"सगळे?"

"सगळं! येक चुकायचा नाय तिला."

"आणि हा जंतू दिसला असता त्यांना, तर?"

समुद्राकडून वारा आला, दोरीवरची उकूची झबली हलली. उकूने परत बोटं त्यांच्या ओठांशी नेली.

"थुकून टाकला आसता," त्या हळूच म्हणाल्या. "काटा समजून थुकून टाकला आसता तिनं."

मी गोळ्यांची पट्टी त्यांच्यापुढे धरली.

"येवडा येक काटा तिच्या जिभंला गावला नाय," त्या म्हणाल्या. मग पदराने डोळे पुसले, खसाखसा, राग आल्यासारखे. "आन पानी. बगत काय बसलीस? आन त्या डॉक्टराला फोन लाव, इचार त्याला, येसूबाई चुकली, आता कशा घेऊ."

डॉक्टर म्हणाले, लगेच सुरू करा, जेवढ्या चुकल्या तेवढ्या पुढे वाढवा, पण आता खाडा नको.

शेवटची गोळी त्यांनी माझ्यासमोर घेतली. सवयीने बोट पट्टीवरून फिरलं, कुठे काही राहिलंय का बघायला. काहीच राहिलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईने काहीतरी तळापर्यंत संपवलं होतं. रिकामी पट्टी हातात धरून त्या थोडा वेळ उंबऱ्यावर बसल्या, मग ती कचऱ्यात टाकली. पत्र्याच्या डब्यात आता सुका जवळा असतो. कमळी अजून कधी कधी येते गोळी मागायला, आणि सासूबाई तिला अशा काही शिव्या घालून दवाखान्यात पिटाळतात की ऐकत राहावं.

नारळी पुनव झाली, बोटी निघाल्या. ठरल्या वेळी परत डबी, परत मी, परत तो वडाप. रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघी गेलो. निमेश डॉक्टरांनी कागद बघितला आणि त्यांचा चेहरा फुलला. "आजी, जिंकलात! गेला तो. एक उरला नाही."

"गेली?" सासूबाईंनी विचारलं.

डॉक्टर "गेला" म्हणाले होते. पण त्यांनी दुरुस्त केलं नाही. "हो," ते म्हणाले, "गेली."

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी डॉक्टरांना नमस्कार केला. वाटेत कुणाच्या पोटाकडे बघितलं नाही.

घरी आल्यावर त्या थेट मोरीत गेल्या आणि लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेतलं. एक तांब्या, मग आणखी एक. मिथुन बोटीवरून येऊन जेवायला बसत होता, तो घाबरून उठला. "आय, काय झालं? कोन गेलं?" मी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. मसणातून परत आलेली माणसं अशी आंघोळ करतात, हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. बाकी मी त्याला नंतर सांगितलं.

सासूबाई कोरडं नेसून, ओले केस मोकळे सोडून चुलीपाशी आल्या. टोपात मुडदुशी शिजलेली होती. मी त्यांच्या ताटात वाढायला गेले.

"मला नको. आज वरनभात," त्या म्हणाल्या. "दे ती उकूची. पोरीला सुतक नाय."

त्यांनी उकूला मांडीवर घेतलं. मुडदुशीचा तुकडा ताटलीत ठेवला आणि बोटांनी उसवायला लागल्या. जिभेचं काम बोटांना येईना. वेळ लागत होता. एकेक काटा काढून त्या उजेडात धरायच्या, बाजूला ठेवायच्या, परत चाचपायच्या. उकू अधीर होऊन त्यांच्या छातीवर थापा मारत होती. "थांब गो बाय, थांब," त्या म्हणत होत्या. मग त्यांनी मासा भातात कुस्करला, पुन्हा एकदा सगळीकडून दाबून बघितला आणि घास उकूच्या ओठांशी नेला.

उकूने तोंड उघडलं. सासूबाईंचंही उघडलं. उकू तो घास तोंडात घोळवत होती, आणि तिच्यासमोर येसूबाई डोळे मिटून हळूहळू चावत होत्या, रिकाम्या तोंडाने, शेवटपर्यंत.